विहीणबाईंचा अंदाज

आमच्या विहीणबाईंनी आयुष्यात ताशी तीस किलोमीटरच्या वर गाडी नेलेली नाही, पण यंदा जगात सगळ्यांत वेगाने मोटार कोण पळवणार हे त्यांच्याइतक्या ठामपणे सांगणारं माणूस नाशिक जिल्ह्यात दुसरं सापडायचं नाही. दिंडोरीच्या पुढे त्यांची द्राक्षाची बाग आहे. घरात जीप आहे, ट्रॅक्टर आहे, आणि दोन्ही त्या स्वतः चालवतात. मला एसटी स्टँडवरून घ्यायला येतात तेव्हा त्या जीपमधून रस्त्याकडेची बाभूळ मी पानापानाने पाहिलेली आहे. एकदा दुधाच्या किटल्या लावलेला एक सायकलवाला आम्हाला मागे टाकून पुढे गेला. जाता जाता त्याने मला नमस्कारही केला. मी काही बोलायच्या आत विहीणबाई म्हणाल्या, "जाऊ द्या त्याला, भाऊसाहेब. आपण टायर वाचवतोय."

फेब्रुवारीत बागेत द्राक्षांची तोडणी चालू असते आणि विहीणबाईंच्या डोक्यात फॉर्म्युला वनचा नवा हंगाम. शर्यती मार्चात सुरू होतात, पण त्याआधी सगळे संघ कुठल्याशा वाळवंटी देशात जाऊन आपापल्या नव्या गाड्या काही दिवस पळवून बघतात. कुणी किती वेळात फेरी मारली ते मोबाइलवर येतं आणि शहाणी माणसं त्यावरून भाकितं करतात. विहीणबाईंचा त्यावर काडीचा विश्वास नाही. "रिकामी ट्रॉली कुणीबी पळवतं," त्या म्हणतात. "भरली ट्रॉली घेऊन चढाला ये, मग बोलू." टाकीत पेट्रोल किती होतं हे कळल्याशिवाय वेळ बघण्यात अर्थ नाही, हे त्यांनी मला भर तोडणीत, हातात द्राक्षांचा क्रेट धरायला लावून समजावलेलं आहे. समजेपर्यंत माझे खांदे भरून आले होते, म्हणून मी लवकर समजलो. संघाला त्या 'घर' म्हणतात. जांभळं घर, हिरवं घर, निळी दोन घरं. एखाद्या ड्रायव्हरने संघ बदलला की नव्या स्थळाची करावी तशी चौकशी सुरू होते. "पोरगं गुणाचं हाय, पण घर चुकलं. तिथं कारभारी दोन. एक म्हणतो टायर बदल, दुसरा म्हणतो नको. पोरानं कुणाचं ऐकायचं?" किंवा, "चार वर्षं झाली त्याला त्या घरात, अजून कुणी त्याच्या मनाचं विचारत नाय. किती दिवस काढायचे माणसानं?" माझी एकुलती एक मुलगी सायली ह्याच बाईंच्या घरात दिलेली असल्यामुळे असली वाक्यं ऐकताना माझा चहा बशीत सांडतो. त्या पोरीबद्दल नाही, पोराबद्दल बोलताहेत, हे मनाशी दोनदा म्हटल्यावर मग मला बशी उचलता येते.

ह्या सगळ्यात मी कसा सापडलो, ते सांगायला हवं, कारण चूक सर्वस्वी माझी होती. मी इंदिरानगरात राहणारा निवृत्त सरकारी कारकून. माझ्या स्कूटरने आजवर कुणालाही ओव्हरटेक केलेलं नाही, बंद पडलेल्या वाहनांचा अपवाद सोडून. सायलीने आपलं आपण जमवलं होतं, मुलगा तिच्याच ऑफिसातला, पण रीतसर बैठक व्हायला हवी म्हणून आम्ही दिंडोरीला गेलो. शेतकरी घर आहे, आपण शहरी तोरा दाखवायचा नाही, असं मी वाटेत ठरवलं होतं. व्याही मितभाषी. त्यांना द्राक्षांखेरीज कशावर बोलायला आवडत नाही, आणि द्राक्षांवरही फारसं नाही. बैठकीत सगळे सतरंजीची वीण बघत गप्प बसलेले असताना विहीणबाईंनी एकदम विचारलं, "शर्यती बघता का, भाऊसाहेब?"

मला वाटलं, बैलगाडीच्या. "लहानपणापासून," मी म्हणालो. वास्तविक लहानपणी एक बैल मागे लागल्यापासून मी बैलाचं चित्र असलेली तंबाखूची पुडीसुद्धा लांबूनच बघतो.

"कुणाकडून असता?"

"आपलं तसं काही नाही. जो पळेल तो आपला."

"बरोबर. मग यंदा इंजिन कुणाचं भारी वाटतं?"

बैलाला इंजिन नसतं एवढं मला माहीत होतं. स्वयंपाकघराच्या दारात उभी असलेली सायली माझ्याकडे अशी बघत होती, की तिचं पुढचं सगळं आयुष्य माझ्या एका उत्तरावर टांगलेलं आहे. मी चहाचा घोट घेतला, कपात जरा वेळ पाहिलं आणि कचेरीत तीस वर्षं ज्या वाक्याने मला तारलं होतं तेच उच्चारलं. "आत्ताच काही सांगणं अवघड आहे."

विहीणबाई नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, "बघा. जाणकार माणूस असंच बोलतं." आणि लग्न ठरलं.

तेव्हापासून दर फेब्रुवारीत माझी परीक्षा सुरू झाली. हंगामाच्या आधी एका दुपारी दिंडोरीला जायचं, चर्चा करायची, आणि यंदा कोण जिंकणार ते दोघांनी वेगवेगळ्या चिठ्ठ्यांवर लिहून त्या देव्हाऱ्यात खंडोबाच्या टाकाखाली ठेवायच्या. डिसेंबरात त्या उघडायच्या. अभ्यास सायली घ्यायची, पुण्याहून, फोनवर. "बाबा, लिहून घ्या. गाडीचा पुढचा पंख, मागचा पंख, टायर तीन प्रकारचे." मी वहीत लिहायचो आणि बाजारात जाताना पुटपुटायचो. आमच्या घरातून ह्याला उत्तेजन शून्य. "किक मारताना दोनदा पडलेला माणूस इंजिनाची परीक्षा देतोय," असं बायको शेजारणीला माझ्यासमोर सांगायची.

पाठांतर मला शाळेतही जमत नव्हतं. एका वर्षी ऐन चर्चेत यंदाच्या ड्रायव्हरांतलं एकही नाव आठवेना, तेव्हा ओठावर आलं ते एक नाव मी ठोकून दिलं. तो गृहस्थ शर्यतींतून निवृत्त होऊन कैक वर्षं झाली होती. विहीणबाई थांबल्या. मी उठून चपला शोधायच्या विचारात होतो, तेवढ्यात त्यांना हसू फुटलं. "म्हणजे ह्या पोरांपेक्षा तो म्हातारा आजबी बरा, असंच ना? भाऊसाहेब, तुम्ही टोमणा लय खोल मारता." माझी चिठ्ठी मात्र दर डिसेंबरात चुकलेली निघायची. फक्त एकदा, दोन निळ्या घरांत माझा घोटाळा होऊन मी भलत्याच निळ्याचं नाव लिहिलं, जे आदल्या वर्षी तळाला होतं, आणि त्या घराचं नशीब वर्षभर असं उघडत गेलं की डिसेंबरात विहीणबाईंनी चिठ्ठी वाचून मला नारळ दिला. त्यांच्या भाऊबंदांत माझा लौकिक झाला. एका लग्नात फेटा बांधलेल्या एका अनोळखी माणसाने मला बाजूला घेऊन, ट्रॅक्टर कोणता घ्यावा, असं विचारलं. मी म्हणालो, आत्ताच काही सांगणं अवघड आहे. तो समाधानाने गेला.

ह्या बाईला हे वेड लागलं कसं, ते मला चौथ्या वर्षी कळलं. घड कापता कापता त्यांनी सहज सांगितलं. मुलगा पुण्याला कॉलेजात होता तेव्हा फोनवर फक्त तीन शब्द बोलायचा. जेवलो, बरंय, ठेवू. एकदा फोनमागे गाड्यांचा घोंगावण्याचा आवाज आला म्हणून ह्यांनी विचारलं, काय रे ते. तर पोरगा अर्धा तास बोलला. "मला काय करायचं होतं गाड्यांचं? पण पुढच्या आठवड्याला मी चार प्रश्न तयार ठेवले. मग सहा." असं करत करत त्या शिकल्या. इंग्रजी समालोचन ऐकत, एकेक शब्द अडवून अडवून. मग त्याला नोकरी लागली, लग्न झालं, शर्यती बघायला वेळ होईना. "त्यानं सोडलं," विहीणबाई कात्री पुसत म्हणाल्या. "माझं राहिलं."

यंदा फेब्रुवारी अर्धा सरला तरी त्यांचा फोन आला नाही. दिवाळीनंतर सायली आणि जावई नोकरीसाठी जर्मनीला गेले होते. परीक्षेची तारीख न आल्यामुळे अस्वस्थ होणारा विद्यार्थी जगात मी एकटाच असेन. चार दिवस मी वही चाळत बसलेलो बघून बायकोच म्हणाली, "जाऊन या. उगाच घरात फेऱ्या मारू नका."

मी गेलो. विहीणबाई ओट्यावर बसून क्रेट मोजणाऱ्या बायांकडे बघत होत्या. मोबाइल मांडीवर पालथा.

"ताई, यंदा बोलावलं नाहीत."

"काय बोलावू. सगळे नियमच बदलले, भाऊसाहेब. गाड्या लहान केल्या. इंजिनं नवी. निम्मी ताकद म्हणे विजेवर." त्यांनी बागेतल्या विजेच्या खांबाकडे पाहिलं. "विजेचं कोण सांगणार? इतक्या वर्षांचं शिकलेलं सगळं वाया. पोराला फोन केला, तर म्हणला, आई, कामात आहे, बघून सांगतो. त्याला झाले पंधरा दिवस."

त्यांना इतकं हताश मी कधी पाहिलं नव्हतं. धीर देण्यासारखं मला काही सुचेना, आणि सुचेना तेव्हा माणूस खरं बोलतो. "ताई, मला एक सांगायचंय. बैठकीच्या दिवशी मी खोटं बोललो. मला यातलं काही कळत नाही. कधीच कळत नव्हतं."

"यंदा कुणालाच कळत नाय."

"तसं नव्हे. सायली सांगायची, ते मी पाठ करून यायचो."

आता त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "सायलीला कोण सांगायचं?"

"जावईबापूंना विचारत असेल."

क्रेटवाल्या बाया ट्रॅक्टरकडे गेल्या, परत आल्या. मग विहीणबाई सावकाश म्हणाल्या, "दर फेब्रुवारीत त्याचा फोन यायचा. आई, यंदा तुला काय वाटतं, कोण जिंकेल. मला वाटायचं, पोराला परत गोडी लागली."

माझ्या लक्षात आलं तेव्हा मला ओट्याखाली जावंसं वाटलं. सहा वर्षं मी विहीणबाईंचेच अंदाज पुण्यावरून फिरवून विहीणबाईंना ऐकवत होतो. आणि त्यांच्या पोराचे ते फोन, ज्यांची त्या वर्षभर वाट बघायच्या, माझ्या गृहपाठासाठी होते. कधी नव्हे ते खरं बोललो आणि एका आईचे सहा फोन काढून घेतले. बायको मला नेहमी म्हणते, तुम्ही गप्प बसलात की शहाणे दिसता. ते आठवून मी गप्प बसलो.

"म्हणून हरायचात तुम्ही," विहीणबाई म्हणाल्या.

"म्हणजे?"

"मी त्याला खरं कुठं सांगत होते? चिठ्ठीतलं नाव कुणाला सांगायचं असतं का? दोन नंबरचं सांगायचे." आणि पदर तोंडाला लावून त्या हसायला लागल्या. मग थांबून म्हणाल्या, "आणि ते निळं घर?"

"ते चुकून लिहिलं."

"मग तेवढं एक तुमचं स्वतःचं."

चहा झाला. कागद-पेन आलं. त्या म्हणाल्या, "आता पोरं हितं नायत. आपलं आपणच बघायचं. तुमच्या मनात कोण हाय ते सांगा."

सहा वर्षांत हा प्रश्न मला पहिल्यांदाच खरोखर विचारला गेला होता. मी म्हणालो, मला ते जांभळ्या घरातलं पोरगं आवडतं. मागच्या डिसेंबरात चिठ्ठ्या उघडायला आलो तेव्हा इथेच बसून पाहिलं होतं, गाडी बंद पडली तर रागावलं नाही; उतरून बोनेटवर हात ठेवून जरा वेळ उभं राहिलं. जिंकेल की नाही, मला माहीत नाही. विहीणबाईंनी कागद पुढे ओढला. मग त्यांनी लिहिलं, आणि प्रथमच चिठ्ठी न दुमडता माझ्यासमोर ठेवली. तेच नाव होतं.

"ताई, दोघांचं एकच?"

"चुकलो तर जोडीनं चुकू."

पहिली शर्यत रविवारी सकाळी होती. मी बायकोलाही घेऊन गेलो. ओसरीतल्या टीव्हीपुढे आम्ही चौघं बसलो, मध्ये द्राक्षांची परात. गाड्या सुटल्या आणि पहिल्याच वळणावर आमचं पोरगं मागे पडलं. कॅमेरा पुढच्या चार गाड्यांवरच फिरत होता, आमची गाडी दिसेचना. बायको, जी हसायला आली होती, तीही पुढे सरकून बसली. एवढ्यात व्याही, जे आजवर कधी एक फेरीही बघायला थांबले नव्हते, त्यांनी घसा साफ करून विचारलं, "यातला आपला कोणता?"

विहीणबाई उठल्या. टीव्हीजवळ जाऊन, पडद्याच्या अगदी कोपऱ्यात, धुळीसारख्या दिसणाऱ्या एका ठिपक्यावर त्यांनी बोट ठेवलं.

"हा," त्या म्हणाल्या. "लांब हाय अजून. पण येतोय."