बूट घालून सहावी

परदेशात, पापाकुरामध्ये राहायला आलो, त्यानंतरच्या पहिल्याच शनिवारी मी एका धडधाकट माणसाला चपला देऊ केल्या.

सुपरमार्केटच्या दारात तो ट्रॉली ओढत होता. पन्नाशीचा, अंगात इस्त्रीचा शर्ट, खाली अर्धी चड्डी आणि पायात काहीच नाही. मला वाटलं, याची चप्पल तुटली असावी किंवा कोणी पळवली असावी. मी नुकताच जांडल्सचा एक जोड विकत घेतला होता. रबरी स्लिपरला इथे जांडल्स म्हणतात. तो पिशवीतून काढून मी त्याच्यापुढे धरला. त्याने आधी जांडल्सकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "छान आहेत," तो इंग्रजीत म्हणाला, "पण मला अकरा नंबर लागतो." मग "स्वीट अ‍ॅज, मेट", म्हणजे सगळं झकास, असं म्हणून आत निघून गेला. पंधरा मिनिटांनी तोच माणूस आमच्या शेजारच्या गाडीत सामान भरत होता. त्या गाडीला मागे बोट जोडलेली होती. बायको स्टेअरिंगवर डोकं टेकून हसत बसली.

मला मात्र ते हसण्यावारी नेता येईना. इमारतीला किती लाकूड, किती काँक्रीट, किती खिळे लागतील हे काढून देणं हा माझा व्यवसाय आहे, आणि जे समजत नाही ते मोजून बघायची मला सवय आहे. पुढचे चार शनिवार मी त्या दारापाशी दहा ते साडेदहा उभा राहिलो आणि अनवाणी आलेली मोठी माणसं मोजली. नऊ, सहा, अकरा, सात. अकरा आली त्या शनिवारी पाऊस होता. त्याचा अर्थ मला आजही लागलेला नाही.

"लोक शनिवारी भाजी आणायला येतात," बायको म्हणाली, "तू पाय मोजायला."

पुढे बँकेत, पेट्रोल पंपावर, डेअरीत, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानात, सगळीकडे असे पाय दिसत राहिले. त्यात गरिबी नव्हती, नवस नव्हता, सुतक नव्हतं. त्यांना तसं बरं वाटत होतं, एवढंच. इथली बाकीची प्रत्येक रीत मी वर्षा-दोन वर्षांत अंगवळणी पाडली. बसमधून उतरताना ड्रायव्हरचे आभार मानायला लागलो, अनोळखी माणसाला किया ओरा, म्हणजे इथला नमस्कार, म्हणायला लागलो. ही एक तेवढी जमली नाही. त्याचं कारण माझ्या वडिलांपाशी होतं.

बाबा वीजखात्यात लाइनमन होते. परभणीजवळच्या तालुक्याच्या गावात आम्ही राहायचो. आम्हा भावंडांना उंबऱ्याबाहेर अनवाणी पाऊल टाकायची परवानगी नव्हती. अंगणात नाही, शाळेच्या कवायतीला नाही, शेजारी वाटीभर साखर मागायला जायचं असलं तरी नाही. कारण विचारलं की एकच उत्तर मिळायचं, करंट. "उघडा पाय जमिनीला लागला की तू स्वतःच तार झालास," असं ते म्हणायचे, आणि रोज खांबावर चढणाऱ्या माणसाशी त्या विषयावर वाद घालणार कोण? ते स्वतः घरातही सपाता घालायचे. फक्त विहारात पायातलं काढायचे, आणि तेही भिंतीशी नीट जोडीने लावून ठेवायचे.

खरं कारण मला बाविसाव्या वर्षी आत्याने सांगितलं. आमच्या मूळ गावी वस्तीपासून शाळेच्या वाटेवर एक गल्ली होती. त्या गल्लीतून आमच्या जातीच्या माणसांनी पायात काही घालून जायचं नाही, असा दंडक होता. चपला असल्या तर काढून हातात धरायच्या आणि गल्ली संपली की घालायच्या. गिरणीत कामाला असलेल्या त्यांच्या काकाने बाबांसाठी चपला आणल्या तेव्हा ते आठ-नऊ वर्षांचे होते. मी एकदा मुद्दाम त्या गावी जाऊन ती गल्ली मोजली. माझ्या पावलांनी एकशे बेचाळीस भरली. मला हे माहीत आहे असं मी बाबांना कधी सांगितलं नाही, आणि तेही कधी त्याबद्दल बोलले नाहीत. आमच्या घरात करंटवरच भागत होतं.

माझी मुलगी इथेच जन्मली. ती आता दहा वर्षांची आहे. तिच्या शाळेत उन्हाळ्यात टोपी घातली नसेल तर मैदानावर खेळू देत नाहीत, सावलीत बसवून ठेवतात. पायांबद्दल मात्र काहीच नियम नाही. निम्मा वर्ग अनवाणी असतो. ही घरातून बूट घालून जायची, म्हणून मी निश्चिंत होतो. एकदा सहज तिचे बूट उलटे करून पाहिले. पाच महिने वापरलेल्या बुटांचे तळ दुकानातून आणल्यासारखे होते.

"रोज शाळेच्या गेटपर्यंतच घालतेस ना?"

"डॅड, इट्स फाइन. हीप्स ऑफ किड्स डू." ती मराठी सगळं समजते, पण उत्तर इंग्रजीतच देते.

मी तेव्हा फार ताणलं नाही. पण बाबांचं येणं ठरलं आणि मला काळजी लागली. ते अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. आई गेल्यापासून माझ्या भावाकडे असतात. हृदयाच्या डॉक्टरांनी एवढ्या लांबच्या प्रवासाला एकदाच परवानगी दिली होती, पुन्हा मागू नका असंही सांगितलं होतं. म्हणजे इथलं जे काही ते बघणार ते सहा आठवड्यांत, आणि तेच शेवटचं. त्यांनी जन्मभर ज्या एका गोष्टीची राखण केली, ती त्यांच्याच नातीने शाळेच्या गेटवर काढून दप्तरात कोंबली आहे, हे बघून त्यांनी परत जाऊ नये, असं मला फार मनापासून वाटत होतं.

मुलीला मी सांगितलं, आजोबा आहेत तोवर बूट काढायचे नाहीत.

"व्हाय?"

"आजोबांना आवडत नाही."

"पण का?" एवढं मात्र ती मराठीत म्हणाली.

"करंट लागतो," मी म्हणालो. माझ्या तोंडून ते आपोआप आलं.

"गवतात?"

बाबा फेब्रुवारीत आले. मी त्यांना सुपरमार्केटमध्ये मंगळवारी सकाळी नऊ वाजता न्यायचो, कारण माझ्या अंदाजाने ती वेळ सर्वांत सुरक्षित होती. तरी दुसऱ्याच मंगळवारी कडेवर बाळ घेतलेली एक बाई केळ्यांपाशी अनवाणी उभी होती. गाडीत बसल्यावर म्हणाले, "त्या लेकीला चपला घेणारं कोणी नाही काय?"

"तसं नाही बाबा. इथे लोक आवडीनं चालतात तसं."

"आवडीनं," ते म्हणाले, आणि घर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले.

मार्चमध्ये शाळेचा अ‍ॅथलेटिक्सचा दिवस होता. मी बाबांना त्या दिवशी दुसरीकडेच कुठेतरी न्यायचं योजलं होतं. पण दोन दिवस आधी जेवताना मुलगीच म्हणाली, "आजोबा, माझी रेस आहे. तुम्ही बघायला येणार?" तिच्याकडून एवढं मोठं मराठी वाक्य मी बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं. बाबांचा घास हातातच राहिला. "येणार म्हणजे?" ते म्हणाले. "सगळ्यांच्या आधी जाऊन बसणार."

नंतर ती भांडी डिशवॉशरमध्ये लावत असताना मी तिला हळूच म्हटलं, की बूट घालूनच पळायचं. तिने सांगून पाहिलं की त्या बुटांनी गवतावर घसरायला होतं, की वर्गात कोणीच घालून पळत नाही, की ती एकटी दिसेल. मी ऐकलं नाही. शेवटी ती "फाइन" म्हणाली. हे फाइन आधीच्या फाइनसारखं नव्हतं.

शाळेच्या मैदानावर आम्ही घडीच्या खुर्च्या मांडून बसलो. बायकोला कामावरून सुटी मिळाली नव्हती, त्यामुळे आम्ही दोघेच होतो. बाबांनी इस्त्रीची पँट, कडक पॉलिश केलेले बूट आणि शाळेच्या नियमाला मान देऊन माझी टोपी घातली होती. साठ मीटरच्या शर्यतीला आठ मुली रेघेवर उभ्या राहिल्या. सात अनवाणी आणि एक बूट घातलेली.

"बाकीच्या अशाच पळणार?" बाबांनी विचारलं.

"हो."

"अन् आपलीच का बूट घालून?"

"पायाला लागतं."

बाबांनी खाली वाकून गवतावरून हात फिरवला. "या गवतानं? ही तर गादी आहे."

शिट्टी झाली. मुलगी सहावी आली. सरळ रेघेतच तिचा पाय दोनदा सरकलेला मी पाहिला. ती येऊन आमच्या पायांशी बसली, पाणी प्यायली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "आय टोल्ड यू. दे स्लिप."

"काय म्हणते?"

"बूट घसरतात म्हणते."

"मग काढू दे की," बाबा म्हणाले.

किती दिवस मी त्या चार शब्दांच्या उलट कामाला लागलो होतो. "तुम्हाला चालेल?" मी विचारलं.

"मला काय विचारतोस? पळायचं तिला आहे." मग ते थांबले. माझ्याकडे नीट वळले. "माझ्यामुळं घालायला लावलेस काय रे?"

मी होकारार्थी मान हलवली. आणि आता लपवून उपयोग नव्हता, म्हणून म्हणालो, "आत्यानं सांगितलं होतं मला. शाळेच्या वाटेवरच्या गल्लीचं. पुष्कळ वर्षं झाली."

लाउडस्पीकरवर पुढच्या शर्यतीची घोषणा चालली होती. ती संपेपर्यंत बाबांनी बुटावरचं गवत झटकलं.

"आत्या तुझी तेव्हा पाळण्यात होती," ते शेवटी म्हणाले. "तिला ऐकीव माहीत." मग जरा वेळाने, "उन्हाचं काही नव्हतं. आमचे पाय दगडासारखे. पण तिथं ओट्यावर एक जण बसलेला असायचा. मारायचा नाही, बोलायचाही नाही. नुसतं पायांकडं बघायचा. मग आपण काढायच्या."

मी त्या वेळी मुलीच्या बुटांकडेच बघत होतो. नजर उचलून कुठे न्यावी ते मला कळेना.

मुलगी वर बघत होती. तिने सगळं ऐकलं होतं. "हू वॉज ही, आजोबा?"

पण शंभर मीटरवाल्यांना हाक आली होती, आणि तीही त्यात होती. बाबा तिला म्हणाले, "जा आधी. काढायचे तर काढ, ठेवायचे तर ठेव. आमच्याकडं बघायचं नाही."

तरी तिने माझ्याकडे पाहिलंच. "तुझं तू ठरव," मी म्हणालो, आणि ते म्हणताना मला जड गेलं, हे इथे लिहून ठेवतो. तिने क्षणभर विचार केला, लेस न सोडताच दोन्ही बूट टाचेने ढकलून काढले, मोजे त्यातच राहू दिले आणि धावत रेघेकडे गेली.

ती पाचवी आली.

"बूट घालून सहावी, अनवाणी पाचवी," मी म्हणालो. "दोनच नोंदी आहेत. यावरून काही सिद्ध होत नाही."

बाबा मोठ्याने हसले. टोपी काढून त्यांनी डोळे पुसले आणि पुन्हा घातली. "तू शाळेत असताना असाच होतास," ते म्हणाले. "निकाल लागला की पेढ्याऐवजी सरासरी सांगायचास."

परत येताना ती मागच्या सीटवर होती, गवताने हिरवे झालेले पाय आमच्या दोन सीटांच्या मधून पुढे आलेले. मी एरवी बोललो असतो. तिने पुन्हा विचारलं, तो माणूस कोण होता म्हणून. मला वाटलं बाबा टाळतील. त्यांनी टाळलं नाही. वस्ती कुठे होती, शाळा कुठे होती, काकाने आणलेल्या चपलांना काय वास यायचा, ओटा म्हणजे काय, जात म्हणजे काय, हे सगळं त्यांनी तिला मराठीत सांगितलं. ती इंग्रजीत प्रश्न विचारत राहिली. त्यांचं एकमेकांशी बरोबर चाललं होतं, मला मध्ये पडावं लागलं नाही. माझ्या वाट्याला ही गोष्ट आत्याकडून आली होती. तिला ती ज्याची होती त्याच्याकडून मिळत होती.

"आणि तुमचे बाबा काही म्हणाले नाहीत?" तिने विचारलं. हेही मराठीत.

"त्यांना तर चपलाच नव्हत्या," बाबा म्हणाले.

आम्ही आमच्या रस्त्याला वळलो. मग तिने इंग्रजीत विचारलं, की त्या लोकांनी नंतर कधी सॉरी म्हटलं का.

बाबांना प्रश्न कळला होता, तरी त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी तो मराठीत करून सांगितला.

"नाही," ते म्हणाले.

"कोणीच?"

मी ड्राइव्हवेत गाडी थांबवली आणि इंजिन बंद केलं. आमच्यापैकी कोणी उतरलं नाही.

"अजून तरी नाही, बाळा," बाबा म्हणाले.