नेसलेली नऊवारी परत आली

मंडळी, आज डोकं जाम फिरलंय. माझ्या सासूबाई मुलुंडच्या आमच्या घरी रेडीमेड नऊवारी शिवतात आणि मी त्या एका शॉपिंग ॲपवर विकते. मागच्या आठवड्यात पाठवलेली हिरवी नऊवारी आज परत आली. कारण काय, तर 'आवडली नाही'. उघडून बघते तर काठाला हळद लागलेली आणि काष्ट्यात अक्षता अडकलेल्या!

तडक ॲपवाल्यांना फोन लावला. पलीकडचा माणूस गोड आवाजात म्हणाला, "मॅडम, नवीन ॲप्स काही न विचारता माल परत घेतात. आपण नाही घेतला तर कस्टमर तिकडे जाईल ना."

"अहो, मग नुकसान तुम्ही सोसा. आमच्या डोक्यावर का?"

"पॉलिसी आहे, मॅडम."

सासूबाई ऐकत होत्या. त्यांनी अक्षता एकेक करून वेचल्या. "कुणाचं तरी लग्न छान झालं म्हणायचं," एवढंच बोलल्या आणि मशीनवर कव्हर घालून आत गेल्या. अजून बाहेर आलेल्या नाहीत.

ॲप गिऱ्हाईक टिकवतंय, पण आमच्या जिवावर. तुमच्यापैकी कुणी असं नेसून, मिरवून परत पाठवलंय का कधी? खरं सांगा.