चांगला सेन्सर

बाजारात त्याला सगळे ओहमशेठ म्हणत. त्याच्या दुरुस्तीच्या दुकानात कुठलंही यंत्र आलं की "या, बसा" राहायचं बाजूला, आधी "किती ओहम दाखवतंय?" रेझिस्टरांची, म्हणजे विजेला अडवणाऱ्या त्या चिमुकल्या भागांची, त्याला नको तितकी माया. अंधार पडल्याची खबर देणारा, उसळलेली वीज अंगावर झेलणारा, आणि सगळ्यांत लाडका थर्मिस्टर, म्हणजे किती तापलं ते सर्किटला सांगणारा. "सेन्सर काढून सरळ जोडून द्या" म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला तो उभंच करत नसे.

आई मात्र गिऱ्हाईक नव्हती. पाय शेकायचा विजेचा पॅड गरमच होत नाही, ही तिची भुणभुण दिवसभर चाले. "जगाची यंत्रं दुरुस्त करतोस आणि आईच्या पायांना ऊब देता येत नाही?" असं तिनं शेजारणीदेखत ऐकवलं, तेव्हा त्याचं डोकंच फिरलं.

त्यानं पॅड उसवला. मण्याएवढा थर्मिस्टर गरम पाण्यात धरला, मग गार पाण्यात. मीटरवरचा आकडा शहाण्यासारखा खाली-वर झाला. सेन्सर ठणठणीत होता. पॅड पुरेसा तापूनच बंद होत होता. मग आईला ऊब का लागत नाही, हा प्रश्न त्याला पडायला हवा होता. पण त्याला फक्त ती भुणभुण थांबवायची होती. त्यानं थर्मिस्टर कापला आणि तिथं साधा रेझिस्टर बसवला, कितीही तापलं तरी 'गारच आहे' सांगत राहणारा. त्या रात्री आई पॅडवर पाय ठेवून झोपली.

"अहो, लवकर या!" सकाळी बायको ओरडली. आईच्या दोन्ही टाचा फोडांनी भरल्या होत्या. एक फोड फुटला होता, चादर ओली झाली होती. आई म्हणाली, "काय झालं? दुखत तर काहीच नाही."

दवाखान्यात पॅडचं ऐकून डॉक्टरीणबाईंनी आईच्या तळव्याला सुई टोचली. आई छताकडे बघत राहिली.

"मधुमेहानं पाय बधिर झालेत यांचे. आता जखम चिघळली नाही म्हणजे मिळवली, नाहीतर पाऊल वाचवणं अवघड आहे." बाईंनी भुवया उंचावल्या. "पण पॅड आपोआप बंद कसा झाला नाही? सेन्सर नव्हता त्याला?"

"होता, पण खराब निघाला," आई मोठ्या कौतुकानं म्हणाली. "माझ्या मुलानं बदलून दिला. फार हुशार आहे हो तो."

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. त्याला आईच्या तोंडाकडे बघवेना.

"खराब नव्हता, आई," तो म्हणाला. "चांगला होता. मी काढला."