सूज की व्रण

रुग्णालयाच्या तळघरात, एमआरआयच्या खोलीला लागून, बिनखिडकीची एक खोली होती. तिथे बसणाऱ्या डॉक्टरीणबाईंना सगळे पाठीमागे 'आतडेबाई' म्हणत. ज्या मुलांच्या आतड्याला वारंवार सूज येते, त्यांचे स्कॅन वाचावेत ते बाईंनीच. त्यांनी शिकवून तयार केलेले दोघे पंख फुटताच उडून गेले. बाई तिथेच राहिल्या. जायचा विषय काढला की मोठे साहेब म्हणायचे, "जा की! मुलांचं कोण बघणार तेवढं सांगून जा." भाऊ फोनवर चिडवायचा, "ताई, जन्मठेप झालीय तुला. तीही बिनखिडकीच्या कोठडीत."

यंदा मन घट्ट करून त्यांनी राजीनामा दिलाच. त्याच आठवड्यात एका अकरा वर्षांच्या मुलीचा स्कॅन आला. लहान आतड्याचं शेवटचं टोक अरुंद झालं होतं. सूज असली तर औषधाने उतरते. जुन्या जखमेचा व्रण आखडून बसला असला तर कापावाच लागतो. आतड्याची भिंत जाड होती, सुजेसारखी चकाकत होती. वरचा भाग, व्रणामागे फुगतो तसा, जरा फुगल्यासारखा वाटला, पण आतडी एका जागी स्वस्थ बसतात थोडीच! बाईंनी लिहिलं : मुख्यतः सूज.

औषधं सुरू झाली. महिनाभरात पोरीचं पोट फुगलं, उलट्या थांबेनात, आणि सर्जनना घाईने पोट उघडावं लागलं. आत व्रणच निघाला, दगडासारखा.

"कोणीही सूजच म्हटलं असतं," सर्जन म्हणाले. त्यापेक्षा ते ओरडले असते तर बरं, असं बाईंना झालं. निघून जावं तर पळ काढल्यासारखं, राहावं तर हात चालेना. राजीनामा साहेबांच्या टेबलावर तसाच पडून राहिला. प्रत्येक रिपोर्टात 'निश्चित सांगता येत नाही' उतरू लागलं.

"बाई, एवढं तर मलाही सांगता येतं!" शेवटी सर्जन वैतागले.

काही महिन्यांनी ती मुलगी पुन्हा स्कॅनला आली. बाईंनी तिला आणि आईला खोलीत बोलावलं. "आधीचा स्कॅन मीच वाचला होता. चुकले मी. आजचा बाहेर कुठे दाखवायचा असेल तर..."

मुलगी पडद्याकडे बघत होती. "ई, गांडूळच की!"

आई हसली नाही. "बाहेर कुठे दाखवू? दुसरं आहे कोण? तुम्हीच बघा."

त्यात माफी नव्हती. मुलीची आईसुद्धा आपल्याइतकीच अडकलीय, हे आतडेबाईंना तेव्हा कळलं. राजीनामा मागे गेला.

शिवलेल्या जागेच्या जरा वर पुन्हा भिंत जाड दिसत होती. बाईंनी हलती चित्रं पुढे-मागे करून डोळे दुखेस्तोवर पाहिली. तो भाग एकदा उघडला, मिटला, पुन्हा उघडला. व्रण असा उघडत नाही. त्यांनी 'सूज' लिहिलं आणि सर्जनना स्वतः जाऊन सांगितलं, "लवकर पुन्हा स्कॅन करा. माझ्यावर विसंबू नका."

या वेळी औषध लागू पडलं. सर्जननी पाठ थोपटली. बाई हसल्या, खुर्ची ओढून बसल्या आणि पुढच्या मुलाचा स्कॅन उघडला. तिथेही एक जागा अरुंद होती.