पोत्यातल्या विळ्या, डिकीतला कोयता

यशोदाबाई माझ्या हाताखाली काम करतात असं म्हणायची माझी हिंमत नाही. मोशीत माझा केटरिंगचा धंदा आहे, रोहिदास आचारी म्हटलं की लोक ओळखतात. पण लग्नाच्या आदल्या दिवशी बायका भाजी चिरायला बसल्या की तिथं राज्य यशोदाबाईंचं. भूम तालुक्यातून त्या इकडे आल्या, नवरा लवकर गेला, चिखलीत एका खोलीत राहून त्यांनी मुलाला वाढवलं आणि शेजारच्या बायका जमवून भाजी चिरणाऱ्यांची टोळी उभी केली. बोलायला कमी आणि ऐकून घ्यायला त्याहून कमी, असा स्वभाव.

टोळीतली प्रत्येक बाई आपली विळी घरून आणते. एकदा मी हौसेनं सगळ्यांसाठी नव्या सुऱ्या आणल्या होत्या. यशोदाबाईंनी त्यातली एक उचलली, दोन भेंड्या कापून बघितल्या आणि परत खोक्यात ठेवली. म्हणाल्या, "रोहिदासभाऊ, ह्या वहिनींना द्या घरी." झालं. सुऱ्या आजही आमच्या घरी आहेत आणि बायको त्यावरून मला अजून ऐकवते.

त्यांचा मुलगा आयुष चाकणच्या एका कंपनीत कंत्राटी ऑपरेटर होता. वर्षानुवर्षं राबल्यावर यंदा कायम करायच्या यादीत त्याचं नाव आलं आणि कंपनीनं पोलिसांकडून चारित्र्य पडताळणीचा दाखला मागितला. नावावर बारीकशी केस जरी निघाली तरी नाव कटणार, हे यशोदाबाईंनी मला इतक्यांदा सांगितलं होतं की शेवटी मी म्हणालो, "अवो, तुमचं पोरगं मुंगी मारायच्या आधी तिला इचारतंय. त्याच्यावर कसली केस?" त्या हसल्या नाहीत. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही.

त्याच दिवसांत शहरात पोरं कोयते घेऊन फिरत होती, गाड्यांच्या काचा फोडत होती. म्हणून पोलिसांनी मनाई आदेश काढलेला, चौकाचौकात नाकाबंदी. आम्ही दुपारच्या वेळी एका कार्यालयाकडे निघालो होतो. टेम्पो मी चालवत होतो, मागं बायका, कोथिंबिरीच्या जुड्या, कोबी आणि विळ्यांचं पोतं. हवालदारानं टेम्पो बाजूला घ्यायला लावला आणि पोत्यावर काठी टेकवून विचारलं, "यात काय?"

मी तोंड उघडायच्या आत यशोदाबाई म्हणाल्या, "कपडे हायेत, सायेब."

विळ्या जुन्या लुगड्यांत गुंडाळलेल्या होत्या, तेव्हा अगदीच खोटं नव्हतं म्हणा. पण हवालदारानं लुगडं सोडलं आणि एकामागून एक पाती बाहेर यायला लागली, वर माझा कलिंगड फोडायचा मोठा सुरा. माझं डोकंच फिरलं. आयुष्यभर गप्प बसणारी बाई, बोलायला तिला नेमका हाच मुहूर्त सापडला होता.

आम्हाला चौकीत नेलं. तिथं साधना मॅडम म्हणून उपनिरीक्षक होत्या, तरुण, पण आवाज असा की मी आपोआप उभा राहिलो. त्यांनी माझ्याकडून लग्नाची पत्रिका आणि कार्यालयाची पावती बघून घेतली, विळ्यांकडे एकवार नजर टाकली आणि यशोदाबाईंना विचारलं, "भाजी चिरायला चाललात, तर तसं सांगायचं. खोटं का बोललात?"

"भ्या वाटलं," यशोदाबाई म्हणाल्या.

"विळीला घाबरायचं कारण नाही. लपवलीत, म्हणून आम्हाला संशय आला."

मग मॅडमनी समजावून सांगितलं, आणि खरं सांगतो, इतकी वर्षं पाती हाताळून मला त्यातलं निम्मं माहीत नव्हतं. नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याला परवाना लागतो. घरकामाची, शेतीची, कारखान्याच्या कामाची अवजारं त्यातून वगळलेली आहेत. मला वाटलं, सुटलो. पण मॅडम म्हणाल्या की तेवढ्यावर भागत नाही. मनाई आदेश असताना, ज्यानं कुणाला इजा होईल अशी कुठलीही वस्तू रस्त्यावर घेऊन फिरलं तर जाब द्यावा लागतो. कुठं नेताय, कशाला नेताय, ते पटलं पाहिजे.

"कोयता उसाच्या फडात असला, शहाळ्याच्या गाडीवर असला, तर मी विचारणार नाही. तोच कोयता पोराच्या गाडीच्या डिकीत सापडला, तर मी केस करणार. पातं नऊ इंच आहे का आठ, ते मोजत बसणार नाही."

पुढच्या वेळी पाती नीट खोक्यात बांधा, सोबत कामाचा कागद ठेवा आणि विचारलं की खरं सांगा, असं बजावून त्यांनी आम्हाला जायला सांगितलं. मी दाराकडे वळलोसुद्धा. यशोदाबाई जागच्या हलल्या नाहीत.

"मॅडम, आन कुनी भ्या वाटतं म्हनून ठिवला असंल तर?"

"बाई, इथं आलेला प्रत्येक जण हेच सांगतो. केस होतेच."

त्या दुपारी यशोदाबाईंनी कोबी असा जाड चिरला की मला तो परत चिरून घ्यावा लागला. मी चिडलो, चार शब्द बोललो. त्यांनी उलट उत्तर दिलं नाही, तेव्हा मात्र मला काळजी वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या माझ्या दारात उभ्या. आयुषच्या स्कूटरच्या डिकीत, कंपनीच्या हातमोज्यांखाली, कोयता आहे. महिनाभर त्यांना माहीत होतं.

"म्हनलं, कुनाच्या शेताला लागत आसंल. मीच मला सांगत बसले. चाकणला जाताना कुठलं आलंय शेत? भाऊ, तेवढा घिऊन जावा आन चौकीत दिऊन टाका."

"आन रस्त्यात मला धरलं म्हंजी? नाकाबंदी हाय तितंच हाय. मंग माझ्यावर केस. तुमी न्या म्हनलं तर तुमच्यावर. पोरानं न्यायचा तर इचारूच नका." मी ओरडलोच. ओरडायचं कारण एवढंच की मलाही काही सुचत नव्हतं. कोयता घरात ठेवावा तर आयुष उद्या पुन्हा गाडीत टाकणार, बाहेर न्यावा तर रस्त्यातच गुन्हा. दाखला यायचा बाकी होता.

आम्ही चिखलीला गेलो. आयुषची दुसरी पाळी होती, म्हणून तो घरीच होता. आईनं खाली जाऊन डिकीतून कोयता काढला, पदराखाली वर आणला आणि त्याच्या चहाच्या कपाशेजारी ठेवला. तो कपाकडेच बघत राहिला.

मग हळूहळू बोलला. मध्ये एकदा पाळी सुटल्यावर हायवेच्या कडेच्या रस्त्यावर तिघांनी त्याची गाडी अडवली होती. मोबाईल काढून घेतला. एवढ्यावर सोडलं नाही. कान धरून उठाबशा काढायला लावल्या आणि त्याचा व्हिडिओ केला. आईला त्यानं सांगितलं होतं, मोबाईल वाटेत कुठंतरी पडला.

"मग हा घेतला. पण एकदाही बाहेर काढला नाही, आई. काढायची हिंमतच नाही माझी. नुसता डिकीत आहे म्हणून गाडी चालवता येते."

दाढीमिशा आलेला तो बाप्या माणूस हे सांगताना रडला. मला तिथं बसवेना, उठवेना. कुणाच्या पोराला उठाबशा काढायला लावणाऱ्या त्या तिघांचा मला असा संताप आला की माझ्याच हातात कोयता असता तर काय केलं असतं सांगता येत नाही. कायदा का आहे, ते मला त्या क्षणी पुरतं समजलं.

"मला का न्हाई सांगितलंस?" यशोदाबाईंनी विचारलं.

"तू म्हणाली असतीस, सोड नोकरी, गावाला चल."

म्हणाल्याच असत्या, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं.

त्यांच्या खोलीखाली भिवाचं फॅब्रिकेशनचं दुकान आहे. मी म्हणालो, कोयता खाली नेऊ आणि तोडून टाकू. यशोदाबाईंनी साफ नकार दिला. मघाशी पदराखाली आणला तेवढं पुरे, आता तो उंबरा ओलांडणार नाही. शेवटी भिवाच आपला कटर आणि लांबलचक वायर घेऊन वर आला. यशोदाबाईंनी गॅसची टाकी शेजारणीकडे नेऊन ठेवली, देवांवर ओलं फडकं टाकलं आणि स्वयंपाकाच्या ओट्यापुढं, ठिणग्या उडवत, कोयत्याचे तुकडे झाले. भिवानं काही विचारलं नाही. तुकडे त्यानं भंगारात टाकले.

दाखला स्वच्छ आला. आयुष कायम झाला. यशोदाबाईंनी माझ्या घरी पेढे आणले आणि ते जरा खवट असल्याचं मी तोंडावर सांगितलं.

पण पाळ्या त्याच, रस्ताही तोच. परवा एका कार्यालयात दुपारी त्या मेथी निवडत होत्या. शेजारी उलट्या पातेल्यावर फोन ठेवलेला, स्पीकर चालू. त्यातून नुसता गाडीचा आवाज येत होता, वारा, मध्येच ट्रकचा हॉर्न. बोलत कुणीच नव्हतं. पाळी सुटली की आयुष गेटवरून फोन लावतो, चालू ठेवून खिशात टाकतो आणि घरी पोचल्यावरच बंद करतो. कुठलीही पाळी असो, त्या तेवढा वेळ जाग्या असतात.

मला गप्प बसवत नाही. मी म्हणालो, "अवो, वाटंत काय झालंच, तर तुमी हितनं काय करनार?"

"काय करनार? कायच न्हाई." त्यांनी जुडी झटकली. "पर मागल्यावानी न्हाई, ह्या टायमाला मला कळंल तरी."