ब्रेकवरचा पाय

मी अमरावतीच्या एका रुग्णालयात, अपघात विभागात परिचारिका आहे. फवारणीचं औषध प्यायलेली माणसं आमच्याकडे एकामागून एक येत, अशी काही वर्षं होती. पोट धुवायचं, सुया द्यायच्या, डोळ्यांच्या बाहुल्या पाहत बसायचं. काही वाचत, काही जात. आमचं घर महानुभाव. रिद्धपूरच्या यात्रेला जाणं आणि दोन्ही वेळा नामस्मरण करणं मला लहानपणापासून जेवणाइतकं सवयीचं होतं. पण एका दुपारी तेवीस वर्षांची एक बाई माझा हात धरून म्हणाली, “मले वाचवा, माहं लेकरू लहान हाये,” आणि तासाभरात गेली. त्या संध्याकाळी मी नामाला बसले, तर तोंडून शब्दच निघेना. मग मी बसणंच सोडलं. हे मी कोणाला सांगितलं नाही. आईला कळलं असावं, पण तिनं विचारलं नाही.

पुढच्या भाद्रपदातली ही गोष्ट. माझी धाकटी बहीण चिखलदऱ्याला शिक्षिका आहे. आई महिनाभर तिच्याकडे राहायला गेली होती. एका सकाळी बहिणीचा फोन आला, आईला धाप लागतेय, पाय सुजलेत. आईच्या हृदयाचं दुखणं जुनं होतं, त्यामुळे याचा अर्थ मला लगेच कळला. तिथल्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं होतं आणि आजच खाली न्या, म्हणून सांगितलं होतं. गाडी मिळण्याची वाट पाहण्यापेक्षा मी माझीच घेऊन निघाले.

माझा डावा घोटा एकदा मोडला होता आणि क्लच दाबणं जमत नव्हतं, म्हणून मी आपोआप गेअर बदलणारी गाडी घेतली होती. घेताना तिथल्या माणसानं दांडा बाजूला सरकवून दाखवला होता. तिथे अधिक आणि वजाच्या खुणा होत्या. हातानं गेअर टाकायचे असतील तर हे, पण तुम्हाला कधी लागणार नाही, असं तो म्हणाला. मीही लक्ष दिलं नाही. शहरात गरज पडली नाही.

दुपार कलल्यावर आई आणि मी घाट उतरायला लागलो. धुकं होतं, रस्ता ओला होता. मागच्या सीटवर आईला उशांना टेकवून बसवलं होतं. माझे कान तिच्या श्वासाकडे आणि पाय सारखा ब्रेकवर. उतारावर गाडी ओढ घेई, मी दाबून धरी. काही वळणांनंतर जळका वास येऊ लागला. ब्रेक आता पूर्वीपेक्षा खोल दाबावा लागत होता. हे कळत असूनही मी थांबले नाही. लवकर पोचायचं, एवढंच डोक्यात होतं.

एका वळणावर एक म्हातारे गृहस्थ दोन्ही हात वर करून रस्त्यात आले. पांढरी दाढी, डोक्यावर टोपी, खांद्यावर घडी घातलेली चटई. मी जेमतेम गाडी थांबवली. त्यांनी आधी चाकांमागे-पुढे दगड लावले, मग खिडकीशी आले.

“बाई, चाकातून धूर निघून राहिला. ब्रेक काहून दाबून राहिल्या सारख्या?”

मी म्हटलं, “आई आजारी आहे, मला थांबता येणार नाही.”

“थांबल्या नाही तं पोचणारच नाही तुमी,” ते शांतपणे म्हणाले. “मी तीस साल एस्टी चालवली याच घाटात. अर्धा तास थंडं होऊ द्या.”

तो अर्धा तास मी आईची नाडी धरून काढला. ती डोळे मिटून नाव घेत होती, धापेमुळे ते मध्येच तुटत होतं, ती पुन्हा धरत होती. माझ्या मनात नावही नव्हतं, मागणंही नव्हतं. मी काहीच करू शकत नव्हते, आणि हे मी त्या बाईच्या मरणानंतर पहिल्यांदाच मान्य केलं.

चाकं निवल्यावर ते दगड काढून माझ्या शेजारी बसले. “गेअरात उतरवा,” म्हणाले. मी सांगितलं, ही गाडी आपली आपण गेअर टाकते. त्यांनी दांड्याकडे वाकून पाहिलं. “मंग हे अधिक-वजा काय हाये?” तेव्हा मला आठवलं. मी दांडा बाजूला सरकवला, वजाकडे ढकलला, पडद्यावर गेअरचा आकडा आला.

“आता ब्रेकवरचा पाय उचला.”

मला उचलवेना. पाय उचलला तर गाडी सुटेल, असं अंगातलं प्रत्येक हाड सांगत होतं. मागून आईचा बारीक आवाज आला, “उचल व बाई. थे म्हणून राहिले नं.”

मी पाय उचलला. इंजिन घोगरं ओरडलं आणि गाडी सुटली नाही. कोणीतरी मागून धरून ठेवल्यासारखी हळूहळू उतरू लागली. माझ्याकडे फक्त चाक वळवायचं काम उरलं. ब्रेकची गरज पडली तर ते सांगत, “थोडा... सोडा.” तीन-चार वळणं गेली आणि पुढे धुक्यात एक मालट्रक पंक्चर होऊन आडवा उभा दिसला. मी ब्रेक दाबला. तो नीट लागला. गाडी ट्रकपासून दोन हातांवर थांबली. गृहस्थ नुसतं “अल्ला” म्हणाले आणि त्याच वेळी, मला न विचारता, माझ्या तोंडून नाव बाहेर पडलं.

ट्रकच्या कडेनं वाट निघाली. परतवाड्याला ते उतरले. घरी सोडते म्हटलं तर म्हणाले, “आधी मायले न्या.” आईनं हात जोडून त्यांना, आमच्यात म्हणतात तसं, दंडवत म्हटलं. संध्याकाळी तिला दवाखान्यात भरती केलं. फुप्फुसांत पाणी झालं होतं, पण वेळेत पोचलो होतो. पाचव्या दिवशी ती घरी आली.

महिन्याभरानं मी परतवाड्याच्या बस स्थानकावर विचारत विचारत त्यांच्या घरी गेले. त्यांनी ओळखलं, चहा मागवला. मी विचारलं, त्या दिवशी तुम्ही घाटात एकटे कसे होता? ते म्हणाले, मुलीकडून परत येताना बसची वाट पाहत होते, रस्त्याकडेला असरची, म्हणजे दुपार उतरल्यावरची, नमाज पढत असताना बस निघून गेली. “मी लय चिडलो होतो, बाई. अल्लाले म्हटलं, तुझ्यासाठी थांबलो अन् तूच बस घालवली. मंग तुमची गाडी आली.” कप खाली ठेवून ते म्हणाले, “घरी येऊन माफी मागतली त्याले.”

आई त्यानंतर दीड वर्ष होती. विभागात माणसं येतच राहिली, आणि सगळी वाचली नाहीत. ती तेवीस वर्षांची बाई का गेली, हे मला आजही ठाऊक नाही. मी हात चालवते, जेवढं माझ्याकडे आहे तेवढं करते, आणि बाकीचं माझ्या पायाखाली दाबून धरत नाही. संध्याकाळी नामाला बसते तेव्हा आधी आईचं स्मरण होतं, मग त्या गृहस्थांचं. दोघांसाठीही माझ्याकडे दंडवत हा एकच शब्द आहे.