कोरड्या गवतावरची मासेमारी

गेले काही आठवडे आमच्या दुबईतल्या घरात शुक्रवारी चपाती होत नाही. मी सुट्टीच्या दिवशी खुबूस, म्हणजे विकतची अरबी रोटी, चावत बसतो... कारण कणीक मळायची परात त्या दिवशी मासेमारीच्या कामावर रुजू असते. हे वाक्य मी पूर्ण शुद्धीत लिहितो आहे.

ईमेल ग्रुपवरच्या नव्या मंडळींसाठी सांगतो. ऑक्टोबरात माझ्या बायकोचं, सुनंदाचं, ऑपरेशन झालं. स्तनाचा कॅन्सर, उजवी बाजू. पुढची ट्रीटमेंटही पार पडली, पण उजवा हात काही खांद्याच्या वर जाईना. फिजिओने भिंतीवर बोटं चढवत न्यायचा व्यायाम दिला होता. चार दिवस केला आणि पाचव्या दिवशी म्हणाली, "मी काय पाल आहे का?"

हाताहून वाईट एक गोष्ट होती. पुढच्या तपासणीच्या पलीकडचं ती काही बोलेचना. मे महिन्यात पुण्याला जाऊ म्हटलं की "बघू." लेकीच्या कॉलेजचा विषय काढला तरी "बघू." तिच्यापुरतं कॅलेंडर त्या तारखेला संपत होतं.

आमच्या खालच्या मजल्यावर मार्गारेटबाई राहतात. इथल्या एका शाळेत इंग्रजी शिकवतात, घरात एक मांजर आहे. दर सुट्टीत यॉर्कशरला भावाकडे जातात आणि मांडीभर नदीत उभ्या राहून ट्राउट आणि ग्रेलिंग नावाचे मासे धरतात. पिसं आणि धागा बांधून केलेली खोटी माशी लांब दोरीने पाण्यावर अलगद टाकायची. माशाने फसायचं. मग त्याला हातात घेऊन डोळे भरून बघायचं... आणि सोडून द्यायचं.

पाठशाळेत वाढलेल्या माझ्यासारख्या शाकाहारी माणसाला हे ऐकून फार बरं वाटलं. निष्काम कर्म इंग्रजही करतात, फक्त त्यासाठी रबरी बूट घालतात.

या बाईंनी एकदा लिफ्टमध्ये सुनंदाचा आखडलेला हात पाहिला. दुसऱ्या दिवशी मासेमारीची काठी घेऊन दारात हजर. फिजिओला विचारलं, तर ती म्हणाली हळूहळू करा, उलट चांगलंच आहे.

तेव्हापासून दर शुक्रवारी सकाळी आम्ही खाडीकाठच्या बागेत. खाडी समोरच आहे, पण तिच्याशी आमचा संबंध नाही. गवतावर परात ठेवायची, ती नदी. दोरीच्या टोकाला गळाऐवजी लाल लोकरीचा गोंडा. मत्स्यवेधात निदान वर मासा आणि खाली पाणी असतं, इथे दोन्ही नाही.

काठी डोक्यावरून, घड्याळाच्या काट्यासारखी, दहापासून दोनपर्यंतच न्यायची असा नियम आहे. म्हणजे आमच्याकडच्या सरकारी कचेरीची वेळ. सुनंदाचा हात मात्र कानापर्यंत जायच्या आत थांबायचा आणि गोंडा तिच्याच पायाशी पडायचा. मी चटईवर थर्मास सांभाळत बसतो. सूचना करण्याचा मला अधिकार नाही, हे पहिल्याच दिवशी स्पष्ट करण्यात आलं.

परवाच्या शुक्रवारी बागेचा पहारेकरी आला. उंचापुरा पठाण, कामावर नवीन असावा. इथे मासे पकडायला मनाई आहे, तिकडे बोर्ड लावलाय, असं त्याने शांतपणे सांगितलं. सुनंदाने तितक्याच शांतपणे विचारलं, मछली कहाँ है भाईसाब? तो परातीपर्यंत गेला, आत पाहिलं, परत आला. थोडा वेळ तिचं काठी फिरवणं बघत राहिला.

मग मोठ्या बहिणीला सांगावं तसा म्हणाला, "बाजी, ऐसे तो आएगी भी नहीं. हाथ ऊपर करो ना."

सुनंदाच्या डोक्याला स्कार्फ असतो, पण दुबईत त्यावरून कुणी काही ओळखत नाही. त्या बिचाऱ्याला आजाराचं काही ठाऊक नव्हतं. आम्ही सगळे मात्र सहा महिने तिच्याशी दबक्या आवाजात बोलत होतो... जमेल तेवढंच कर, दमलीस का, बस जरा. हात वर कर असं तिला सरळ सांगणारा तो पहिलाच.

तिला राग आला असावा. ओठ आवळले आणि हात वर गेला. खांद्याच्या वर, कानाच्या बाजूने वर... दोरी मागे जाऊन ताणली गेली, मग डोक्यावरून पुढे आली आणि उलगडत गेली. लोकर पडल्याचा आवाज होत नाही, म्हणून पहारेकरी पुन्हा परातीपर्यंत गेला. वाकून बघितलं. म्हणाला, "आ गई."

मार्गारेटबाईंनी चहा ओतला. नंतर कपातल्या वाफेकडे बघत त्या ग्रेलिंगबद्दल सांगत बसल्या. पाण्यातून ताज्या काढलेल्या ग्रेलिंगला म्हणे थाइम नावाच्या पाल्याचा वास येतो. हा पाला त्यांनी सुनंदाला एकदा दिला होता. आमच्या स्वयंपाकघराच्या मते तो ओव्याचाच भाऊ. शरद ऋतूत हे मासे छान मिळतात, सप्टेंबरात दोघं या, भावाचं घर मोठं आहे, असं त्या म्हणाल्या.

मी सवयीने "बघू"ची वाट पाहत होतो.

"माशाला ओव्याचा वास? मी स्वतः हुंगल्याशिवाय मानणार नाही," सुनंदा मला म्हणाली. आणि मग, हात चोळत, "अहो, सप्टेंबरात तिकडे थंडी किती असते? माझा जाड स्वेटर पुण्यालाच राहिलाय."

घरी आल्यावर मी डायल-अप जोडून यॉर्कशरचं हवामान बघत बसलो. व्हिसाची चौकशीही सुरू केली आहे. मार्गारेटबाईंचे आभार मानून झाले, त्या पठाणाचं नाव विचारायचं राहून गेलं.

येत्या बुधवारी तपासणी आहे. सुनंदा सप्टेंबरचं नाव घेत नव्हती तोवर मला तिची काळजी वाटायची. आता ती घेते आहे... आणि बुधवारी कुणी तिच्याकडून तो सप्टेंबर काढून घेईल की काय, या भीतीने मला झोप लागत नाही.